दोन बायका, अंदमान

वैजू,

आज संध्याकाळच्या मुंबईच्या एस.टी.ने आपण निघणार होतो. उद्या सकाळी विमान. खिडकीची जागा वयनीला द्यायची असं तू लेकीला, मयुरीला बजावून ठेवलं होतंस, कारण तुझ्या मते वयनी घाबरली की तिला बाहेर बघायला लागतं. खरं तर मी घाबरले की डोळे मिटून घेते. पण खिडकी हवी होती म्हणून गप्प बसले. आता दुपारचे तीन वाजलेत, भांडी घासून पालथी घातलीयेत आणि मी पडवीत बुकिंगची वही घेऊन बसलेय. यांना वाटतंय मी दिवाळीच्या पाहुण्यांची यादी करतेय. वाटू दे. तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि तुझ्याशी बोलायला मला ही वहीच सापडली.

आंजर्ल्याच्या या घरात आपण दोघी सुना म्हणून आलो, मी आधी, तू माझ्यामागून सहा वर्षांनी. तुझा नवरा मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. माझा इथेच, वाडीतल्या नारळ-सुपारीत. मागच्या अंगाला चार खोल्या बांधल्या, रस्त्यावर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी लावली, आणि तेव्हापासून आपण दोघींनी लोकांच्या सुट्ट्या सांभाळल्या. आपली सुट्टी कधी असते, हा प्रश्न तू विचारेपर्यंत मला पडलासुद्धा नव्हता.

पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या एक बाई जेवताना अंदमानचे फोटो दाखवत होत्या. तू सोलकढीचा जग धरून त्यांच्या खांद्यामागे उभी. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल. मला वाटलं तू विचारशील, किती लांब आहे. तू विचारलंस, "तिथं जेवायला कोण वाढतं?" बाई हसल्या. म्हणाल्या, तिथलेच लोक वाढतात, आपण नुसतं बसायचं. दुपारी कोळंबी सोलताना तू एकदम म्हणालीस, "वयनी, आपण जाऊया. दोघीच. पाच दिवस मी कुणाला वाढणार नाय, नि तूपण नाय."

मी हसण्यावारी नेलं. दारात समुद्र असताना आणखी कुठला बघायचा? यांनी तर गावभर केलं की आमच्या घरच्या बायका समुद्र बघायला विमानाने निघाल्या. तू पदर खोचून त्यांना विचारलंस, "दादा, घरात चहा असताना तुम्ही नाक्यावर का जाता प्यायला?" त्यावर ते जे गप्प झाले ते आजतागायत. नाक्यावरचा चहा मात्र काही सुटला नाही.

तुला तिथे का जायचं होतं, ते मला उशिरा कळलं. मी वर कातळाच्या सड्यावरच्या गावातली, लग्नापर्यंत समुद्र लांबूनच पाहिलेला. तू बुरोंडीची, किनाऱ्यावरची. संध्याकाळी हर्णेच्या लिलावाला जायचो तेव्हा मी नुसती पिशवी धरायची आणि तू माशाचे कल्ले उघडून विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचीस, "हा कालचा हाय." लहानपणी भावांबरोबर तू खोल पाण्यात जायचीस, उताणी पडून तरंगायचीस, कान पाण्यात गेले की आईच्या हाका ऐकू येत नाहीत म्हणून आणखी वेळ पडून राहायचीस. आणि लग्न झाल्यावर बावीस वर्षांत तू घोट्याच्या वर पाणी लावून घेतलं नाहीस. बंदी कुणीच घातली नव्हती. पण इथली सून साडी भिजवून समुद्रात डुंबतेय हे एकीने पाहिलं असतं तर चार दिवस विहिरीवर दुसरा विषय झाला नसता. पाहुण्यांच्या बायका पाण्यात शिरायच्या आणि आपण त्यांची पोरं, चपला, मोबाइल सांभाळत काठावर. "तिथं मला कोण ओळखतंय?" तू म्हणायचीस. "मी सरळ पाण्यावर आडवी पडणार. तू काठावर बसून बघ हवं तर." एवढ्यासाठी तुला एवढं लांब जायचं होतं.

मग तू तयारीला लागलीस, आणि तुझी तयारी म्हणजे काय सांगावं. बेटावर जंगलातून तासभर चढ-उतार करत पलीकडच्या किनाऱ्याला जायची वाट आहे, असं तुझ्या लेकीने पुण्याहून फोनवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी तू बाजारातून कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड आणलेस. साडीखाली बूट घालून आपण दोघी रोज चार वाजता कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढायला लागलो. मी तिसऱ्या वळणावर बसकण मारायची, तू वरून ओरडायचीस, "वयनी, तिथं जंगलात कोण उचलणार नाय हां तुला!" आठवडाभर आपल्याला बघून देवळातल्या गुरुजींनी विचारलं, कसला नवस आहे? तू म्हणालीस, "गुडघ्यांचा." ते बिचारे गुडघ्यांसाठी प्रसाद द्यायला लागले.

आणि ते प्रश्न. पाहुणे आपल्याला जे जे विचारतात ते सगळं तू या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंयस. मासे ताजे आहेत ना? गरम पाणी चोवीस तास मिळेल ना? तिखट थोडं कमी करता येईल का, आणि मुलांसाठी वेगळं काही? लाटा किती वाजता असतात? हा शेवटचा तर एका गृहस्थांनी खरोखरच विचारला होता, आणि तू चेहरा सरळ ठेवून सांगितलं होतंस, साडेपाचला. हे सगळे प्रश्न तिथल्या बाईला एकापाठोपाठ एक विचारायचे, असं तुझं ठरलं होतं. मग मासे तळता तळता तूच विरघळलीस. "नको गो, बिचारी. तिला सकाळपासून किती जणांनी विचारलं असंल."

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, ते अजून मिटलेलं नाही. मला बरोबर मेतकूट, कोकमं आणि थोडे पोहे घ्यायचे होते. तुझं म्हणणं, एक जरी डबा घेतलास तर मी विमानातून उडी मारीन. तिथे केळीच्या पानात भाजलेला मासा मिळतो, नारळाच्या दुधातली कोळंबी मिळते, ते खायचं, नाही आवडलं तर नाक मुरडायचं, पाहुणे मुरडतात तसं. "एकदा तरी आपण नाक मुरडूया ना, वयनी!" मी वर वर बरं म्हटलं. पण कोकमं मी पेटीच्या तळाशी टाकणार होते. तुझ्याशी खोटं बोलणार होते, हे आता कबूल करते. ती पुडी मी बांधूनही ठेवली होती.

जायला मात्र जमेना. पावसात आपलं घर रिकामं, तर तिकडेही पाऊस आणि बोटी कधी सुटतील याचा भरवसा नाही. तिकडे हवा चांगली, तर आपल्याकडे पाहुणे. उरतात ते दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस. एका वर्षी त्याच दिवसांत सासूबाई पडल्या. एका वर्षी वादळाने वाडी आडवी केली होती, नारळ उचलण्यातच दिवस गेले. एका वर्षी भावजींची रजा, मग तू कशी जाणार. ही तीन वर्षं कुणाच्या हातातली नव्हती. चौथं माझ्या हातात होतं.

गेल्या वर्षी सगळं जुळलं होतं. मयुरी त्याच संध्याकाळी तिकिटं काढणार होती. सकाळी पुण्याच्या त्या नेहमीच्या कुटुंबाचा फोन आला. चौदा जण, पाच दिवस, नेमके आपलेच पाच दिवस. "काकू, तुमच्या हातचं सोडून दुसरीकडे जाववत नाही हो," असं त्या म्हणाल्या आणि मी "हो हो, या ना" म्हणून मोकळी झाले. विचार केला आणि मग होकार दिला, असं झालं नाही. पाहुणा विचारतो आणि माझ्या तोंडून 'हो हो' निघतं, इतक्या वर्षांत नाही म्हणायची जीभच राहिलेली नाही. फोन ठेवून वळले तर तू खवणीवर नारळ खवत होतीस. हात थांबला होता.

"किती जणं?" तू विचारलंस.

"चौदा."

तू पुन्हा खवायला लागलीस. "सकाळी घावणे करूया की आंबोळ्या?"

बस, एवढंच. तू भांडली असतीस तर मी त्यांना उलटा फोन केला असता. असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, आणि तेही खरं नाही. नसता केला. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी तुझ्या पाठीला सांगितलं. चुकलं माझं, हे सांगितलं नाही. ते पाच दिवस तू चौदा जणांना वाढलंस. परतताना त्यांनी आपल्या दोघींचा हातात ताट धरून फोटो काढला, त्यात तू हसतेयस. मी तो फोटो बघत नाही.

शिमग्याच्या पालख्या नाचत होत्या तेव्हा तुझं पोट दुखायला लागलं. मुंबईला गेलीस, तपासण्या झाल्या, परत आलीस ती अर्धी होऊन. डॉक्टरांनी भावजींना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू मयुरीकडून तिकिटं काढून घेतलीस. मग ही वही मागितलीस, दसऱ्यानंतरचं पान काढलंस आणि पाचही दिवसांवरून तिरकी रेघ ओढून मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'खोल्या नाहीत. दोन बायका, अंदमान.' वर मला म्हणालीस, "आता कसं हो म्हणशील?"

वैशाखातली ती दुपार मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. तुला जरा बरं वाटत होतं, म्हणून सुरूच्या बनातून आपण किनाऱ्यावर गेलो. तू वाळूत बसलीस. भरतीचं पाणी पायाशी येऊन जात होतं. बराच वेळ बघून तू म्हणालीस, "वयनी, इथंच शिरूया का गो? धर माझा हात."

आणि मी म्हटलं, "काहीतरीच काय. लोक बघतायत. अंदमानला जायचंय ना, तिथे भीज हवी तेवढी."

तू बरं म्हणालीस. घावणे की आंबोळ्या विचारलंस त्याच आवाजात.

किनाऱ्यावर तेव्हा चार माणसं होती, वैजू. चारही पाहुणे. त्यांतलं एकही आपल्याला ओळखत नव्हतं. मी किती वेळा मोजली ती, चारच भरतात. लांबच्या बेटावर तुला जे हवं होतं ते त्या दुपारी इथेच होतं, तुझ्या पायापासून दोन हातांवर, आणि मी तुला उठवून घरी आणलं आणि पेज दिली.

गौरी आल्या तेव्हा तू माजघरात अंथरुणावरून त्यांच्याकडे बघत होतीस. मी गौरींपुढे ओवाळायची ओवशाची सुपं भरत होते. तू खुणेने बोलावलंस. "तिकीट रद्द करू नको. तू जा."

"हो हो," मी म्हटलं.

तू हसलीस. "तुझं हे हो मला ठाऊक हाय, वयनी."

गौरी-गणपती पोचवले आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस. देवाच्या कार्यात सुतक नको म्हणून थांबली, केवढी गुणाची, असं आलेली प्रत्येक बाई म्हणत होती. मला तुझा इतका राग आला. तिथेही तू पाहुण्यांची सोय बघितलीस.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भावजी म्हणाले, मयुरीचं सगळं नीट करीन. नाही. मयुरी रडत म्हणाली, बाबांना सांभाळीन. तरी नाही. कावळे माडावर बसून नुसते बघत होते, ऊन चढत होतं. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पुटपुटले, "तिचं ते बेटाचं राहिलं ना..." मी पुढे झाले, हात जोडले आणि म्हटलं, "हो गो, जाते मी. तुझ्या वाटचं बघून येते." कावळा उतरला आणि त्याने घास घेतला. लोकांनी सुस्कारे सोडले. मला घाम फुटला, कारण पाहुण्यांशी बोलते त्याच आवाजात मी ते 'हो' म्हटलं होतं. कावळ्याला तुझ्याएवढी माझी ओळख नव्हती.

मी जाणार नाहीये, वैजू. मयुरी म्हणाली, मोठी आई, मी येते तुझ्यासोबत, आईचं तिकीट माझ्या नावावर होत नाही पण दुसरं काढते. मी म्हटलं, दोन्ही रद्द कर. पोरीने नुसतं माझ्याकडे बघितलं, तुझ्यासारखंच. मला सांग, मी तिथे जाऊन काय करू? काठावर बसून कुणाला बघू? ताटात मासा आला तर तो कालचा आहे की आजचा, हे मला कोण सांगणार? मला अजून कल्ले बघता येत नाहीत. जंगलाच्या वाटेवर बसकण मारली तर वरून ओरडायला कोण आहे?

लोक सांगतात, ती वरून बघतेय, तू गेलीस तर तिला बरं वाटेल. मला तसं वाटत नाही. तू कुठूनही बघत नाहीयेस. तू बघू शकत होतीस तेव्हा मी तुला पाणी दाखवून परत आणलं. आता मी सात समुद्र ओलांडले तरी तुझा पाय भिजणार नाही. तुझ्यासाठी आता काहीही करता येत नाही, ही गोष्ट मला रोज सकाळी चहाचे दोन कप काढल्यावर कळते आणि दुसरा कप मी परत फडताळात ठेवते.

बूट मागच्या दारी आहेत, दोन्ही जोड. तुझ्या बुटांना गणपतीच्या वाटेवरची लाल माती आहे, मी ती धुतली नाही. कोकमांची पुडी काल सोडली आणि आमटीत टाकली. तुझ्याकडून इतकं घेतलं गो मी. मासे ओळखायला शिकले नाही, पण मासे करायला तुझ्याकडूनच शिकले. लोक माझ्या हातच्या कालवणासाठी येतात, ते कालवण बुरोंडीचं आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळे 'काकूंच्या हातचं' म्हणायचे आणि तू आतून पोळ्या पाठवत राहायचीस. त्या वेळी एकदा तरी तुझं नाव घ्यायला हवं होतं.

हे लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला. कुणी नवीन बाई, आवाज गोड. "काकू, उद्यापासून पाच दिवस खोली मिळेल का? आम्ही सहा जण आहोत. तुमच्या जेवणाचं फार ऐकलंय."

मी वहीकडे बघितलं. तुझी तिरकी रेघ, तुझं अक्षर.

"खोल्या नाहीत," मी म्हटलं.

"सगळ्या भरल्यात?"

"दोन बायकांच्या नावावर आहेत."

"दोघींना सगळ्या खोल्या?" ती हसली. "बरं, त्या नाही आल्या तर आम्हाला कळवाल ना?"

'हो हो' जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"त्या येणार नाहीत," मी म्हटलं. "तरी खोली मिळणार नाही."

तिने फोन ठेवला. आभाळ कोसळलं नाही. ओट्यावर मांजर झोपलं होतं ते झोपूनच राहिलं. इतकं सोपं होतं, वैजू. गेल्या वर्षी मला एवढंच म्हणायचं होतं.